पंधरा बारचं मशीन

अल्लीपूर,
२२ नोव्हेंबर २००४

प्रिय वच्छला,

अक्षर एवढं मोठं का, असं विचारशील म्हणून आधीच सांगते. मला कागदावरच्या ओळी दिसत नाहीत. जाड स्केचपेन घेतला आहे आणि ओळीखाली डावं बोट धरून लिहिते आहे. सगळी नोकरी पोरांच्या वह्यांवर लाल रेघा मारण्यात गेली, आता माझीच ओळ डोंगर चढते. हसू नकोस.

फोन केला नाही, कारण फोनवर तू विषय बदलतेस. मी डोळ्यांचं काढलं की तू तुझ्या गुंजनच्या संसाराचं काढतेस, आणि ते संपेस्तोवर तुझ्या दाराची बेल वाजते. कागदावर तुला तसं करता येणार नाही.

तर ऐक. सेवाग्रामला दवाखान्यात जाऊन आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजवा तर पुरता पिकला आहे. जानेवारीत ऑपरेशन करून घ्या, फार लांबवलं तर डोळा हातचा जाईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यानंतर तीन-चार आठवडे वाकायचं नाही, धुरात बसायचं नाही, जड उचलायचं नाही. आता आपल्या घरात जड काय, तर आई. कमरेचं हाड मोडल्यापासून तिचं सगळं पलंगावरच आहे. कुशीवर वळवायची तरी उचलावं लागतं. सकाळी एक बाई येत होती, ती कापूस वेचायला गेली. तिथे उन्हात उभं राहावं लागतं, पण अंगावर कोणी थुंकत नाही. मला दिसत नाही म्हणून घरात काय काय होतं ते लिहीत नाही. परवा आईच्या वरणात मिठाऐवजी साखर पडली, एवढंच सांगते.

म्हणून सरळ विचारते, जानेवारीत महिनाभर येशील का? आपल्याला भाऊ नाही, माझे हे जाऊन जमाना झाला, आणि शेजारच्या रामाजींच्या घरावर किती भार टाकायचा?

आई आहे तशीच. खाणं तुटलं आहे. दोन घास झाले की तोंड फिरवते. काय हवं म्हणून विचारलं तर गुंजनच्या लग्नातली एस्प्रेसो कॉफी मागते. वर्ध्याच्या मंगल कार्यालयात स्टॉलवरची तीन कप प्यायली होती, ओठांवर फेस घेऊन बसली होती, आठवतं ना? बाकी सगळं विसरली, तेवढं लक्षात आहे. दिवसातून दहादा 'वच्छी, वच्छी' म्हणून हाक मारते.

येण्याची तारीख कळव.

तुझी
ताई

*

पुणे,
८ डिसेंबर २००४

ती. ताई,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. तुझं ते चढत गेलेलं अक्षर पाहिलं आणि घडी पुन्हा घातली. पत्र देवघरात ठेवलं होतं. रोज दिवा लावताना ते दिसायचं, आणि मी दिवा लावला की तिथून लगेच उठायची. हात जोडायचेही राहून जायचे.

आई एस्प्रेसो मागते हे तू लिहिलंस ते वाक्य मी कितीदा वाचलं असेन. आईनं जन्मात आपल्याकडे काही मागितलं आहे का गं? नवं लुगडं आणलं तरी 'कायले आणलं' म्हणणारी बाई. ते वाचल्यापासून मला चैन नाही. शेवटी ठरवलं की घरी वापरायचं एस्प्रेसोचं मशीन मी इथून घेऊन पाठवते. हे निवृत्त झाल्यापासून घरातच असतात, त्यांनाही उद्योग मिळाला. आम्ही दोघं दुकानं पालथी घालतो आहोत.

त्यात किती प्रकार असतात ते मला ठाऊकच नव्हतं! एक असतं नुसत्या वाफेवर चालणारं. ते साधं, लहान, पण दुकानदार नाक मुरडतो. दुसरं पंपाचं. त्यात पंधरा बारचा दाब असतो म्हणे. एकाची टाकी मागे, एकाची बाजूला. एकाला आत सगळं पितळ, एकाला ॲल्युमिनियम. हे म्हणतात पितळच घ्यायचं, ॲल्युमिनियम म्हाताऱ्या माणसाला बरं नाही. मी एक वही घालून सगळ्यांची माहिती लिहून घेते आहे. तिकडे स्वयंपाकघरात तीन पिनांचा मोठा प्लग आहे का? विजेचा दाब नीट असतो का? ओट्यावर जागा किती आहे ते वितीनं मोजून कळव.

येण्याचं म्हणशील तर जानेवारीत गुंजनच्या सासूबाईंची एकसष्टी आहे, आणि ह्यांचं ब्लडप्रेशर मध्येच वर जातं. पण बघते. नक्की बघते.

आईला सांग, तुझी एस्प्रेसो येते आहे.

तुझी
वच्छला

*

अल्लीपूर,
१८ डिसेंबर २००४

प्रिय वच्छला,

तुझं पत्र रामाजींच्या सुनेनं, सुरभीनं वाचून दाखवलं. गोड पोरगी आहे. 'बघते, नक्की बघते' इथे आल्यावर ती जरा थांबली आणि माझ्याकडे पाहिलं असावं. मला दिसलं नाही, पण थांबली खरी.

मी तुला चार गोष्टी लिहिल्या होत्या. डोळा, आई, महिना, आणि जाता जाता कॉफी. वर्गात तू असतीस तर मी म्हटलं असतं की बाळ, प्रश्न पुन्हा वाच. कागदावर विषय बदलता येत नाही असं मी समजत होते. तू तो पंधरा बारच्या दाबानं बदललास.

आणि हे बार-बार मोठ्यानं लिहू नकोस बाई. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. पार्सलवर 'पंधरा बारचं' असं लिहून आलं तर पोष्टमन आधी पोलीस पाटलाकडे जाईल.

प्लग आहे. दाब असतो तेव्हा असतो. दिवसातून कितीदा वीज जाते ते मी मोजणं सोडलं आहे. ओटा वितीनं मोजला, तीन विती जागा होईल, कंदील खाली ठेवला तर.

आता मी बोलते ते ऐकून घे. तू मागच्या वर्षी आली होतीस तेव्हा आईचं अंथरूण बदलताना परसात जाऊन ओकलीस आणि मला म्हणालीस की प्रवासाचं पित्त आहे. तुला किळस येते. मला काय चंदनाचा वास येतो? मलाही येते. मी तोंडात लवंग धरते आणि करते. तेवढ्यासाठी तू येत नसशील तर तसं लिही, मी रागावणार नाही. पण सासूबाईंची एकसष्टी मला सांगू नकोस.

दवाखान्यानं दहा जानेवारी दिली आहे. मशीन कोणतंही निवड. त्याच्याबरोबर तारीखही निवड.

ताई

*

पुणे,
३ जानेवारी २००५

ती. ताई,

तुझं पत्र वाचलं. ह्यांनी विचारलं, 'अल्लीपूरला सगळं ठीक ना?' मी हो म्हटलं.

तू म्हणतेस ते... त्यावर मी नंतर लिहीन.

मशीन घेतलं. आज ट्रान्सपोर्टनं वर्ध्याला निघालं, तिथून रामाजींच्या मुलाला एसटीवर टाकून आणायला सांग. शेवटी पंपाचंच घेतलं. आमच्या ठरल्या आकड्यापेक्षा बरंच वर गेलं. वाफेवरचं लहान मशीन पुरलं असतं असं हेसुद्धा म्हणाले, पण मी ऐकलं नाही. खरं सांगू? दुकानात जसजशी महाग मशीनं बघत गेले तसतसं मला हलकं वाटत गेलं. सगळ्यात भारी मशीनवर हात ठेवला तेव्हा, कितीतरी दिवसांनी, छातीवरचं काहीतरी उतरलं. दुकानाबाहेर रिक्षात बसेपर्यंत ते पुन्हा जागेवर येऊन बसलं होतं.

दुकानदारानं चव बघायला दिली. बाहुलीच्या कपात दोन घोट, काळीभोर आणि कडू जहर. मी म्हटलं, अहो, लग्नात असते ती अशी नसते. तो हसला. म्हणाला, मॅडम, हीच खरी एस्प्रेसो, लग्नात मिळते ती एस्प्रेसो नव्हेच. त्याच्यापुढे मला गावंढळ वाटायला लागलं आणि मी मान डोलावली. दूध-साखर घातली की तशी होईल. बरोबर इंग्रजी पुस्तक आहे, सुरभीला वाचायला सांग.

दहा तारीख मला जमत नाही गं. थंडी जरा कमी होऊ दे. ताई, दवाखान्यात पुढची तारीख मिळेल ना? विचारून बघशील?

आईला एक घोट तरी स्वतःच्या हातानं पाज आणि सांग, वच्छीनं पाठवली.

वच्छला

*

अल्लीपूर,
२० जानेवारी २००५

प्रिय वच्छला,

हे अक्षर सुरभीचं आहे. मी सांगते आहे, ती लिहिते आहे. माझ्या हाताला जरा वाफ लागली म्हणून तिला बसवलं, काळजीचं काही नाही.

मशीन आलं. एखाद्या नवरीसारखं थर्मोकोलमध्ये बसून आलं. बघायला सगळी आळी लोटली. रामाजी पागोटं सांभाळत म्हणाले, 'भागीरथाबाई, हे इंजन पिठाची गिरणी चालवते काय?' तुझ्या पुस्तकात पंधरा भाषा आहेत, त्यातली एकही आपल्या बाजूची नाही. सुरभीनं इंग्रजीतून वाचून दाखवलं.

इथे दुकानात कॉफी म्हणजे पाण्यात विरघळणारी, पुडीतली. ती आम्ही मशीनच्या चाळणीत भरली. मशीननं आधी घुर्रघुर्र केलं, दिवा मंद झाला, मग डांबरासारखं काहीतरी थेंब थेंब गळायला लागलं आणि थांबलं. चाळणी गच्च झाली असणार. जे गळलं त्यात दूध-साखर घालून मी आईला चमच्यानं दिलं. तिनं तोंड वाकडं केलं आणि विचारलं, 'हे काय व? काढा होय काय? कोनाले ताप आला?' त्यावर सगळे हसले. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याहून चांगली दळलेली पूड मागवली. तीही काळी आणि कडू. दूध घातलं तर दूध काळं झालं, फेस काही आला नाही. तुझा दुकानदार खरं बोलला. ही खरी एस्प्रेसो आहे आणि आईला खोटी हवी आहे.

मशीन चांगलं आहे. कोणी आलं की मी सांगते, माझ्या बहिणीनं निवडून पाठवलं.

दहा तारीख गेली. सात फेब्रुवारी मिळाली आहे. ह्यावेळी मी तुला काही विचारत नाही.

ताई

[काकू, मी सुरभी. तुमच्या ताईंना, आमच्या आत्याबाईंना, डोळ्यांमुळे वाचता येत नाही, म्हणून हे त्यांच्यासमोर बसूनच लिहिते आहे, त्या समजतात मी अजून त्यांचंच उतरवते आहे. मला फार अपराधी वाटतंय, पण लिहिल्यावाचून राहवत नाही. चाळणी गच्च झाली तेव्हा आत दाब होता. त्यांना लाल दिवा दिसला नाही. त्यांनी दांडी फिरवून चाळणी काढली आणि उकळतं सगळं हातावर आलं. मनगटापासून कोपरापर्यंत फोड आहेत. त्याच हातानं आजीला उचलतात. मी मदतीला जाते, पण मला लहान मूल आहे आणि घरचे रोज रोज सोडत नाहीत. तुम्ही पाठवलेलं म्हणून मशीन रोज पुसून ठेवतात. काकू, या ना.]

*

पुणे,
२७ जानेवारी २००५

ताई,

सुरभीनं मला सगळं कळवलं आहे. तिला एका शब्दानं बोलू नकोस.

तीन तारखेच्या महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट काढलं. चार तारखेला वर्ध्याला उतरेन, तिथून एसटीनं येते. ह्यांना सांगितलं, खिचडी करता येते ना, मग झालं.

तू विचारलं होतंस ते आता लिहिते. हो, मला किळस येते. माझ्याच आईची. जिनं माझी लंगोटं धुतली तिचं भांडं मला उचलवत नाही. मी इथे शेजारच्या म्हाताऱ्या काकूंना डबा देते, मंडळात वृद्धांवर भाषणं ऐकते, टाळ्या वाजवते, आणि घरी येऊन तुझं पत्र उलटं करून ठेवते. मला वाटलं होतं, सगळ्यात चांगलं मशीन निवडलं की मी तिथे असल्यासारखं होईल. तुझा हात भाजायला मी एवढे पैसे मोजले.

मला ते काम जमेल की नाही, माहीत नाही. उलटी होईल, रडू येईल. पण मी येते. सात तारीख पुढे ढकलू नकोस.

वच्छला

*

अल्लीपूर,
११ फेब्रुवारी २००५

ताई,

ही चिठ्ठी सुरभीच्या नवऱ्याबरोबर पाठवते. तो वर्ध्याला कामावर जातो, तिथून तुझ्याकडे सेवाग्रामला टाकीन म्हणाला. ऑपरेशन नीट झालं हे त्यानंच सांगितलं. आनंदाबाईंकडे राहायची तुझी सोय झाली हे फार बरं झालं. जुन्या शाळेतल्या मैत्रिणी अशा वेळी कामाला येतात. पट्टी काढेपर्यंत त्याच तुला वाचून दाखवतील, म्हणून त्यांनाही माझा नमस्कार.

तू गेलीस त्या दिवशी मी आईजवळ गेले ते नाकाला पदर बांधून. आई म्हणाली, 'काय व बाई, धूळ उडाली काय?' मी भांडं घेऊन परसात गेले, ओकले, तोंड धुतलं, परत आले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तुझी लवंगेची डबी सापडली. आता पदर बांधत नाही. वास येतो, पण माझे हात थांबत नाहीत. माझं कौतुक करू नकोस, तू हे दोन वर्षं करते आहेस.

आई मला 'बाई' म्हणते. मला वाटलं, सवयीनं म्हणत असेल.

काल दुपारी वीज होती. तुझ्या हातावर उकळतं ओतणारं ते मशीन मी रागानं उचलून माळ्यावर टाकणार होते. त्याच्या बाजूला ती बारीक नळी आहे ना, तिच्याकडे लक्ष गेलं. मग मला तो लग्नातला स्टॉलवाला आठवला. त्याच्याकडे काळी कॉफी कुठे होती गं? एक दुधाचं भांडं होतं, पूड-साखर होती आणि अशीच एक नळी. पुडीतली कॉफी आणि साखर थेंबभर पाण्यात फेटली, त्यावर दूध घातलं, नळी बुडवून वाफ सोडली. सूंऽऽ असा आवाज झाला आणि फेस भांड्याच्या काठाशी आला! वर सुरभीच्या पोराची चॉकलेट पावडर भुरभुरली. म्हणजे मी महिनाभर दुकानदाराशी पंपावरून वाद घातला, आणि आईला हवी होती ती फक्त वाफ. ते लहान, स्वस्त, नाक मुरडायचं मशीन पुरलं असतं.

आईनं पूर्ण कप संपवला, ताई. फेस ओठावर घेऊन बसली. मला इतका आनंद झाला की मी खाली बसून तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. आणि मग आमचं जे बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहिते.

'कोनं केली व?'

'मी केली, आई.'

'तू कोन?'

'मी वच्छला. तुझी वच्छी.'

ती हसली. मला समजावल्यासारखं म्हणाली, 'वच्छी तं माह्यापाशी राह्यते, बाई. थेच करते माह्यं सारं. न्हाऊ घालते, खाऊ घालते. हात भाजला तरी उचलते मले. आता कुठी गेली, येईन.'

मी तुझं नाव घेऊन विचारलं, 'मग भागीरथा?'

'भागीरथा पुण्याले असते. मोठ्या लोकाइत. येत नाई ते.' मग जरा थांबून म्हणाली, 'येत नाई तं नाई. तिले काई बोलू नोको.'

ताई, ती जी दिवसातून दहादा हाक मारते ती मला नव्हती. ती तुलाच मारत होती. तू करायचीस आणि नाव माझं व्हायचं. मी यायची नाही आणि बोल तुझ्या नावाला लागायचा, तुझ्या तोंडावर. कधीपासून चाललं आहे हे? तू मला एका पत्रात तरी का लिहिलं नाहीस?

वच्छला

*

सेवाग्राम,
१४ फेब्रुवारी २००५

प्रिय वच्छला,

काल पट्टी काढली. हे अक्षर माझं आहे आणि ओळ सरळ आहे, बघ. आनंदाबाई ओरडत आहेत की आत्ताच डोळ्याला ताण देऊ नका, म्हणून थोडक्यात लिहिते.

दिवाळीच्या आधीपासून चाललं आहे. सुरुवातीला मी तिला सुधारायची. 'आई, मी भागीरथा.' मास्तरणीची खोड. पण तसं म्हटलं की ती घाबरायची. 'मंग माही वच्छी कुठी गेली?' म्हणून रडायची, अंथरुणातून उठू बघायची. एकदा पडता पडता वाचली. तेव्हापासून वच्छी म्हणून हाक आली की मी ओ द्यायला लागले. धाकटी जवळ आहे असं वाटलं की ती शांत झोपते.

वाईट वाटायचं का? वाटायचं. तिचं सगळं आवरून मी दाराशी बसायची आणि आतून ती शेजारणीला सांगायची की भागीरथा काही येत नाही. मग मी तुझ्यावर चिडायची, आणि चिडले की तुला पत्र लिहायची. तुझ्या मशीनवर मी जे तोंडसुख घेतलं ते सगळं मशीनसाठी नव्हतं. आता 'माफ कर' तू म्हणावंस की मी म्हणावं, ते मला कळत नाही.

तुला कळवलं नाही, कारण तू अशीच काळजावर दगड घेऊन जगणारी. आणखी एक कशाला ठेवायचा?

डॉक्टरीणबाई डाव्या डोळ्याचंही महिन्याभरात करून घ्या म्हणतात. मी नको म्हटलं. एका डोळ्यावर माझं भागेल. तुझे पंधरा दिवस तू दिलेस, मशीनची नळीही शोधलीस, आणखी तुला अडकवत नाही. येत्या सोमवारी एकवीस तारखेला मी घरी येते. आई वच्छीला विचारेल तर आंघोळीला गेली म्हणून सांग, तेवढ्यानं तिचं समाधान होतं.

ताई

*

अल्लीपूर,
१६ फेब्रुवारी २००५

ताई,

काल संध्याकाळी मी आईचे केस विंचरत होते. तिनं मान वळवून बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. माझी पुण्याची साडी चाचपली, बांगड्या चाचपल्या, आणि म्हणाली, 'भागीरथा! आली काय व तू पुण्याहून?'

मी म्हटलं, 'हो आई. आले.'

'लय दिवसानं आली. काऊन आली नाई इतके दिवस?'

ह्याचं उत्तर मी कितीतरी महिने तयार करत होते. एकसष्टी, ब्लडप्रेशर, थंडी. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. फणी खाली ठेवली. मी तिचे पाय धरले आणि म्हटलं, 'चुकलं माह्यं, आई. याले पायजे होतं मी.' पुण्यात राहून माझी बोली गेली म्हणतेस ना तू? ती गेलेली नाही.

आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. 'असू दे. वच्छीनं केलं सारं,' म्हणाली.

मला मिळालेली माफी तुझ्या नावावर जमा झाली आहे, ताई. तुला तिची गरज नव्हती. पण तुझ्या नावाला जो बोल लागत होता, तो आता लागणार नाही.

मग तिनं विचारलं, 'आता किती दिवस राह्यशीन?'

मी म्हटलं, 'वच्छीचे दोन्ही डोळे होईपर्यंत.'

'मंग ठीक आहे,' आई म्हणाली आणि कुशीवर वळवायला हात पुढे केला.

तेव्हा सोमवारी येऊ नकोस.

वच्छला